समुद्रासाठी द्यायचा पैसा : कोणत्या कामाला, किती वर्षांसाठी आणि कोणाच्या हाती

पुण्यातील मसाले आणि लोणची बनवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. कंपनीचा नफा गेल्या वर्षी प्रथमच ५ कोटी रुपयांच्या पुढे गेल्यामुळे यंदापासून सामाजिक उत्तरदायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा, खर्च कायद्याने बंधनकारक झाला आहे. संस्थापकांचे मूळ गाव गुहागर तालुक्यात असल्याने हा पैसा कोकणच्या समुद्रासाठी वापरावा, अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. किनारा स्वच्छता, कांदळवन लागवड आणि कासव संवर्धन असे तीन पर्याय त्यांच्यापुढे आहेत. यांपैकी कोणता निवडावा, संस्था कशी पारखावी, आणि पाकिटावर ‘या खरेदीतील एक रुपया समुद्रासाठी’ असे छापता येईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

किनारी भागातील अशा प्रकल्पांची आखणी आणि तपासणी हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, म्हणून मत आधीच स्पष्टपणे सांगतो. आपण कासवांचे काम निवडावे, परंतु पैसा पर्यटकांसाठी भरणाऱ्या कासव महोत्सवाला न देता हंगामभर किनारा राखणाऱ्या माणसांच्या मानधनाला द्यावा आणि तो किमान तीन वर्षांसाठी बांधून द्यावा. लागवडीच्या वाटेला तूर्त जाऊ नये. स्वच्छता जरूर करावी, मात्र तिची बरीचशी जबाबदारी दानाची नसून आपल्या व्यवसायाचीच आहे, हे आधी समजून घ्यावे.

प्रथम रकमेविषयी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, मागील वर्षी ज्या कंपनीचे नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची असते. आपला तीन वर्षांचा सरासरी नफा ४ कोटी धरला, तर ही रक्कम ८ लाख होते. ती ५० लाखांच्या आत असल्यामुळे वेगळी सीएसआर समिती नेमण्याची गरज नाही. संचालक मंडळच ते काम करू शकते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाचे रक्षण, वनस्पती आणि प्राण्यांचे संरक्षण, पाण्याची गुणवत्ता हे विषय स्पष्टपणे आहेत, त्यामुळे समुद्राचे काम त्यात निःसंशय बसते. तरीही देशभरातील सीएसआरचा मोठा वाटा शिक्षण आणि आरोग्य यांच्याकडेच जातो. शाळेची खोली बांधली की ती दिसते. समुद्रात वाचलेला मासा कोणाला दाखवता येत नाही, आणि कंपन्यांची अडचण बहुधा इथेच सुरू होते.

आता ज्याकडे बहुतेक कंपन्या दुर्लक्ष करतात, त्या मुद्द्याकडे वळतो. २०२१ च्या जानेवारीत सुधारलेल्या सीएसआर नियमांनुसार, अन्य कोणत्याही कायद्याने जे काम करणे आपल्यावर बंधनकारक आहे, त्याचा खर्च सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. आपला माल प्लॅस्टिकच्या पाउचमधून आणि बरण्यांमधून विकला जातो. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांखाली, विशेषतः २०२२ मध्ये आलेल्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या तरतुदींनंतर, आपल्या वेष्टनाइतके प्लॅस्टिक गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था करणे हे ब्रँडमालक म्हणून आपले कर्तव्य आहे. ते पूर्ण करण्यासाठी एखाद्या संस्थेला पैसे देऊन किनाऱ्यावरचे प्लॅस्टिक उचलून घेतले आणि तोच खर्च सीएसआरमध्येही दाखवला, तर ते नियमांत बसत नाही आणि नैतिकदृष्ट्याही तो एकाच पावतीचा दोनदा वापर आहे. किनाऱ्यालगत एखाद्या प्रकल्पाला परवानगी मिळताना भरपाई म्हणून कांदळवन लावण्याची अट घातली जाते, तिलाही हेच लागू आहे. अशा सक्तीच्या लागवडीचे फलक ‘सामाजिक बांधिलकी’च्या नावाने उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट खरेदीची. आपल्या यादीत कोळंबीचे लोणचे आणि सुक्या जवळ्याची चटणी आहे. हा माल कोणत्या बंदरातून, कोणत्या जाळ्याचा आणि कोणत्या महिन्यात पकडलेला येतो, हे पुरवठादाराला विचारण्यास पैसे लागत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात ‘ताजी’ कोळंबी स्वस्तात मिळत असेल तर ती कुठून येते, याचा विचार करायला हवा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला आहे. लहान पिल्ले खरेदी न करणे हे व्यावसायिक शिस्तीचे काम आहे आणि ते दानाच्या हिशेबात धरता येत नाही, कारण नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे सीएसआरमध्ये मोडत नाहीत. माझ्या मते मात्र समुद्रावर त्याचा परिणाम आपल्या ८ लाखांपेक्षा कमी होणार नाही.

किनारा स्वच्छतेविषयी लोकांच्या मनात मुंबईतील वर्सोव्याचे उदाहरण असते आणि ते योग्यच आहे. वकील अफरोज शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे काम सुरू केले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. कंपन्या यातून टोप्या, टी-शर्ट आणि एका रविवारचा कार्यक्रम एवढेच उचलतात. शनिवार-रविवार सातत्याने चाललेले काम कोणी उचलत नाही. पावसाळ्यात उधाण आले की समुद्र आणि खाड्या मिळून सगळा कचरा पुन्हा वाळूवर आणून टाकतात. शिवाय गोळा केलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न बहुतेक कार्यक्रमांत विचारलाच जात नाही. गावाबाहेरच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, टाकलेली पोती पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा खाडीत जातात. स्वच्छतेवर पैसा घालायचाच असेल, तर तो ग्रामपंचायतीची वर्गीकरणाची शेड, कचऱ्याची गाडी आणि ती चालवणाऱ्या माणसाचा पगार यांवर घालावा. कर्मचाऱ्यांनी श्रमदानात घालवलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, हेही लेखा विभागाला आधीच सांगून ठेवावे. कासवांच्या विणीच्या काळात ट्रॅक्टर किंवा यंत्राने वाळू नांगरून केलेली सफाई तर घरट्यांनाच मारक ठरते.

कांदळवनाबाबत माझा आक्षेप लागवडीच्या पद्धतीला आहे. महाराष्ट्रात कांदळवनाचे क्षेत्र सुमारे ३१५ चौरस किलोमीटर आहे आणि त्याला कायद्याचे चांगले संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. राज्याच्या वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे, आणि त्याच्या परवानगीशिवाय शासकीय कांदळवनात कोणी काही लावणे योग्य नाही. कंपन्यांना मात्र ‘दहा हजार रोपे’ असा आकडा हवा असतो, आणि एवढी रोपे लावायला सोपी मोकळी जागा म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. तो चिखल ओसाड नसतो. रोहित पक्षी आणि हिवाळी पाणपक्षी तिथेच पोट भरतात; २०१५ मध्ये अभयारण्य झालेली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली ठाणे खाडी त्या चिखलासाठीही महत्त्वाची आहे. जिथे बांध घातल्यामुळे किंवा राडारोडा टाकल्यामुळे भरतीचे पाणी पोहोचत नाही, तिथे पाण्याची वाट मोकळी करून दिली की तिवर आणि चिपी ही कांदळवनाची झाडे बहुधा आपणहून उगवतात. हे काम मात्र फोटोत फावडे मारल्यासारखे दिसते. तरीही लागवड करायचीच झाली, तर करारात लावलेल्या रोपांची संख्या न लिहिता तिसऱ्या वर्षाअखेर जगलेल्या रोपांची संख्या लिहावी आणि शेवटचा हप्ता त्यावर ठेवावा. ही अट ऐकूनच काही प्रस्ताव मागे घेतले जातात.

खासगी पैसा समुद्रासाठी कसा वापरावा, याचा मला सर्वात शिकण्यासारखा वाटणारा भारतीय दाखला गुजरातचा आहे. वेरावळ आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार यकृताच्या तेलासाठी, पुढे मांसासाठी मोठ्या प्रमाणावर होत असे. २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत घातले गेले, पण कायदा आला म्हणून जाळ्यात सापडलेला मासा कोणी सोडत नव्हते. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनविभाग आणि मिठापूरला कारखाना असलेली टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम सुरू केली. रामकथाकार मोरारी बापूंनी या माशाची तुलना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीशी केली आणि ती गावोगावी पोहोचली. मासा सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर त्याची भरपाई शासनाकडून मिळू लागली. पुढे मच्छीमारांनी स्वतः कॅमेऱ्याने नोंद करून ती पाठवण्याची पद्धतही बसवली गेली, म्हणजे अधिकारी बोटीवर येईपर्यंत मासा जाळ्यात तडफडत ठेवण्याची वेळ येऊ नये. आजवर शेकडो व्हेल शार्क असे सोडले गेले आहेत.

या कामात कोणी काय केले, हे बारकाईने पाहावे. भरपाईसारखा वर्षानुवर्षे द्यावा लागणारा खर्च शासनाने उचलला. कंपनीच्या पैशाने किनाऱ्यावर राहणारी माणसे, संशोधन, मच्छीमारांशी चाललेला संवाद असा शासनाच्या चौकटीत सहज न बसणारा खर्च भागवला. आणि कंपनी दोन वर्षांत कंटाळून दुसऱ्या विषयाकडे वळली नाही. महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीस अशीच योजना आली. संरक्षित सागरी जीव सोडताना जाळे कापले गेले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. तिची माहिती लहान बंदरांवर पोहोचवणे, अर्ज भरून देणे, फोटो आणि नोंदी नीट ठेवायला शिकवणे ही कामे अगदी थोड्या पैशात होतात, आणि त्यासाठी पुढे येणारे देणगीदार फारसे आढळत नाहीत.

आपल्या घराजवळचे उदाहरण मंडणगड तालुक्यातील वेळासचे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ मध्ये कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले, नंतर गावाने कासव महोत्सव आणि घरगुती निवासाची सोय उभी केली, आणि हळूहळू वनविभाग व कांदळवन कक्षाने किनारपट्टीवरील अनेक गावांत ते काम आपल्याकडे घेतले. २०२२ च्या जानेवारीत वेळासलाच ‘प्रथमा’ नावाच्या कासवाला उपग्रह टॅग लावला गेला. पुढच्या वर्षी आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावरून टॅग लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. हे सगळे वर्तमानपत्रांत आले. पहाटे ओहोटीच्या रेषेवरून चालत जाऊन कासविणीच्या पायांचा माग शोधणारा, कुत्री, कोल्हे आणि रानडुकरे यांच्या आधी घरटे गाठणारा माणूस बातमीत क्वचितच येतो. आणि निधी कमी पडला की पहिल्यांदा त्याचेच मानधन थकते.

म्हणून आपल्या ८ लाखांची विभागणी मी साधारण अशी करीन. नोव्हेंबर ते मे असे सात महिने चार किनारा रक्षक, दरमहा १२ हजार रुपये मानधनावर, म्हणजे ३ लाख ३६ हजार. गावातलाच एक समन्वयक वर्षभरासाठी दरमहा २० हजारांवर, म्हणजे २ लाख ४० हजार. उरलेल्या सव्वादोन लाखांत संरक्षित घरट्यांचे कुंपण, सावलीची जाळी, विजेऱ्या, रात्री काम करणाऱ्यांचा अपघात विमा, आणि वाळूतले तापमान नोंदवणारी छोटी उपकरणे. शेवटची बाब चैनीची नाही. कासवाच्या पिल्लाचे लिंग अंडी उबतानाच्या तापमानावर ठरते; वाळू जास्त तापली तर जवळजवळ सगळ्या माद्याच निपजतात आणि आणखी तापली तर अंडीच वाया जातात. उन्हाळा वाढत असताना सावली कधी घालायची, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा नोंदीवरून ठरवलेले बरे. महोत्सवासाठी या रकमेतून काही देऊ नये. त्याचा खर्च पर्यटकांकडून निघू शकतो, आणि प्रायोजकांनी आणलेले प्रखर दिवे पिल्लांना समुद्राऐवजी गावाकडे वळवतात.

हे काम वनविभागाच्या परवानगीनेच करावे लागेल. ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्यामुळे परवानगीविना अंडी हलवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आणखी एक मर्यादा सांगणे भाग आहे. किनाऱ्यावर अंडी राखली, पण प्रौढ कासवे ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मरत राहिली, तर केलेल्या कामाचा मोठा भाग वाया जातो. जाळ्यातून कासवाला बाहेर पडू देणारे साधन आपल्याकडच्या नौकांवर सर्रास वापरले जात नाही, याच कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून थोडा निधी बंदरावरच्या कामाकडे वळवावा. सिंधुदुर्गात केंद्र शासन आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या एका प्रकल्पात ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची, म्हणजे छिद्रांची, पिशवी लावून पाहिली गेली. लहान मासळी निसटते, आणि नको असलेल्या मासळीचा भार घटतो, हे मच्छीमारांनी स्वतः पाहिले. त्याच जिल्ह्यात १९८७ मध्ये जाहीर झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिला, कारण त्यांना विश्वासात घेण्याआधीच नकाशावर रेषा ओढली गेली होती. आपल्या प्रकल्पाची पहिली बैठक पुण्यातल्या सभागृहात न घेता मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात घ्यावी, आणि शक्यतो बोटी बंदरात असतात त्या जून-जुलैमध्ये.

संस्था पारखताना कागद आधी पाहावेत. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर नोंदणी क्रमांक, आयकराच्या १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या आणि, ती कंपनीने स्वतः स्थापलेली नसेल तर, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. मच्छीमार सहकारी सोसायटीकडे सहसा या नोंदण्या नसतात, त्यामुळे तिला थेट पैसे देता येत नाहीत. मात्र एखाद्या नोंदणीकृत न्यासामार्फत काम करून तिला भागीदार करता येते, आणि बोट किंवा शेड यांसारखी मालमत्ता लाभार्थी बचत गटाच्या नावावर ठेवण्याची मुभा नियमांतच आहे. कागदांनंतर एकच प्रश्न मी नेहमी विचारतो : मागच्या हंगामात काय फसले? ज्या संस्थेकडे याचे उत्तर नसते, तिच्या यशाच्या आकड्यांवर मी विसंबत नाही. घरट्यांची नोंदवही मागवून पाहावी. तिच्यात उधाणाने वाहून गेलेली, न उबलेली घरटी लिहिलेली असतील तर वही खरी असण्याची शक्यता जास्त.

सामान्य प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची जी मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनासाठी आहे; प्रकल्पाच्या आखणीचा, अंमलबजावणीचा आणि मूल्यमापनाचा प्रत्यक्ष खर्च तिच्यात धरला जात नाही. अनेक कंपन्या ही मर्यादा संस्थेच्या पगारांना लावतात आणि समन्वयकाचे मानधन नाकारतात. तसे करू नये. संचालक मंडळाने काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केले, तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत ते चालवता येते. वर्षाअखेर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात जमा करायची असते. चालू प्रकल्पाची मंजुरी नसेल, तर तीच रक्कम सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीतील शासकीय निधीत भरावी लागते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने धनादेश फाडण्याची वेळ येते, ती ही मंजुरी आधी न घेतल्यामुळे.

पाकिटावरील एका रुपयाबद्दल. उत्पादनाच्या विक्रीसाठी फायदा मिळवण्याच्या हेतूने केलेले प्रायोजन सीएसआरमध्ये बसत नाही, म्हणून तो रुपया ८ लाखांच्या बाहेरचा असायला हवा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत; ‘समुद्रस्नेही’ असा मोघम शब्द छापून मोकळे होता येत नाही, दाव्याला आधार दाखवावा लागतो. छापायचेच असेल तर कोणत्या संस्थेला, कोणत्या कामासाठी, गेल्या वर्षी एकूण किती रक्कम दिली, हे छापावे. परदेशात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ या उपक्रमात सदस्य कंपन्या नफ्याऐवजी विक्रीच्या १ टक्का रक्कम देतात. नफा हिशेबाने खालीवर होतो, विक्री तेवढी होत नाही, त्यामुळे घेणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो. आपल्या एखाद्या एकाच उत्पादनाला, समजा कोळंबीच्या लोणच्याला, हे सूत्र लावून पाहण्यासारखे आहे.

आपले काही नातेवाईक अमेरिकेत असून त्यांनाही हातभार लावायचा आहे, असे आपण लिहिले आहे. ते परदेशी नागरिक असतील, तर त्यांची देणगी परकीय योगदान कायद्याखाली येते. नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती स्वीकारता येते, आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतील खात्यातच ती जमा व्हावी लागते. अशी संस्था ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. गावातल्या छोट्या संस्थेकडे ही नोंदणी बहुधा नसते, तेव्हा कुटुंबाचा हा वाटा वेगळा ठेवून ज्यांच्याकडे नोंदणी आहे अशा संशोधन संस्थेला द्यावा.

किनाऱ्यावर कंपनीच्या नावाचा फलक लावावा का, हा आपला शेवटचा प्रश्न. वनविभागाची परवानगी असेल तर लहानसा फलक लावायला हरकत नाही. तो भरतीरेषेच्या वर, गावाच्या बाजूला असावा, त्याला दिवा नसावा, आणि त्यावर कंपनीच्या नावाआधी रक्षकांची नावे आणि घरटे दिसल्यास कळवण्याचा वनविभागाचा क्रमांक असावा.